रूब फॉस्टर : नोंदवहीबाहेर राहिलेला पिचर

१/ मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने निग्रो लीगमधील खेळाडूंची आकडेवारी आपल्या अधिकृत नोंदींत सामावून घेतली. निर्णय स्वागतार्हच. पण त्याची कालमर्यादा आहे १९२० ते १९४८, आणि माझा आक्षेप त्या आरंभवर्षावर आहे. ज्याने १९२० घडवले, त्याची पिचर म्हणून कारकीर्द तोवर जवळपास सरली होती.

२/ अँड्र्यू ‘रूब’ फॉस्टर. जन्म १८७९, कॅल्व्हर्ट, टेक्सास. मेजर लीगमध्ये तेव्हा कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. तसा लेखी नियम नव्हता. मालकांचा मूक संकेत पुरेसा होता.

३/ १९०३ मध्ये कृष्णवर्णीय संघांच्या अजिंक्यपद मालिकेत त्याने क्यूबन एक्स-जायंट्सला फिलाडेल्फिया जायंट्सविरुद्ध चार सामने जिंकून दिले. पुढच्या वर्षी तो फिलाडेल्फियाकडे गेला. तीन सामन्यांच्या मालिकेत त्याने जुन्या संघाला दोनदा हरवले.

४/ क्रिस्टी मॅथ्यूसन या विख्यात गोऱ्या पिचरला त्याची प्रसिद्ध ‘फेडअवे’ फेक फॉस्टरनेच शिकवली, अशी आख्यायिका आहे. तिला पुरावा नाही. तरी ती टिकली, कारण नोंदी नसलेल्याची थोरवी सांगायला लोकांना नोंदी असलेल्याचा आधार घ्यावा लागला.

५/ १३ फेब्रुवारी १९२०. कॅन्सस सिटीतील वायएमसीएच्या इमारतीत संघमालकांना एकत्र आणून फॉस्टरने निग्रो नॅशनल लीग स्थापली. विखुरलेल्या सामन्यांना स्पर्धेचे रूप आले.

६/ १९२६ मध्ये मानसिक आजाराने त्याला ग्रासले. १९३० मध्ये तो गेला. १९३१ नंतर त्याची लीगही उरली नाही. १९८१ मध्ये हॉल ऑफ फेमने त्याला स्थान दिले, तेही प्रामुख्याने संघटक म्हणून.

७/ कोणी म्हणेल, १९२० पूर्वीचे सामने विस्कळीत, प्रतिस्पर्धी असमान, धावफलक अपुरे; मग आकडे मांडायचे कसे? शंका रास्त आहे. पण ते सामने विस्कळीत का होते? दार बंद होते म्हणून. ज्यांनी दार लावले, त्यांच्याच वहीतील कोरे पान आज फॉस्टरविरुद्ध पुरावा ठरते.

८/ त्याच्या नावे काल्पनिक आकडे लिहावेत, असे मी म्हणत नाही. त्या वहीत एक तळटीप तरी असावी : ‘येथे नोंद नाही, कारण येथे प्रवेश नव्हता.’ इतिहासाच्या विद्यार्थ्याने आकड्यांइतकीच रिकामी जागाही वाचायला शिकले पाहिजे.