कागदाचा पळस आणि ज्येष्ठांचे आरोग्य

फाल्गुन सरत आला की साताऱ्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. सांगलीकडे शिजवलेली हळद वाळत पडलेली असते, तासगावच्या शेडमध्ये बेदाणा तयार होत असतो. याच दिवसांत ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्रे आणि वृद्धाश्रमांच्या भिंतीही सजू लागतात. क्रेप कागदाची पळसफुले, पतंगी कागदाच्या पताका, जाड कागदाची गुढी आणि तिला लावलेला कडुलिंबाचा डहाळा. पाहणाऱ्याला हा वेळ घालवण्याचा उद्योग वाटतो. आरोग्यशास्त्र मात्र गेल्या काही वर्षांत अशा उपक्रमांकडे गंभीरपणे पाहू लागले आहे. त्यांचा उपयोग नेमका कशामुळे होतो, बोटांच्या हालचालींमुळे की चार माणसांत येऊन बसण्यामुळे, हा त्यातला कळीचा प्रश्न आहे. ज्येष्ठांसाठीचा पैसा आणि मनुष्यबळ कशावर लावायचे, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

हा प्रश्न आता लहान राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते. लोकसंख्येच्या अधिकृत अंदाजानुसार २०३१ मध्ये ते १५ टक्क्यांच्या घरात जाईल. सातारा आणि सांगलीत त्याला स्थलांतराची जोड आहे. पाटण, जावळीतील कित्येक घरांतील कर्ते पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईत माथाडी आणि गिरणी कामगार म्हणून राहिले. खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिकांची कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर विखुरली आहेत. गावाकडे मागे राहतात ते आई-वडील. महिन्याला पैसे येतात, संध्याकाळी फोनही येतो. पण दिवसभर बोलायला माणूस नसतो.

न दिसणारे आजारपण

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. 'लासी' नावाने ती ओळखली जाते. साठीपुढील ८.३ टक्के लोकांमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणे तिच्यात आढळली. डॉक्टरांनी आपल्याला नैराश्याचे निदान केले आहे, असे सांगणारे मात्र जेमतेम ०.८ टक्के होते. म्हणजे दहापैकी नऊ जणांचा आजार कोणाच्या नोंदीत नाही. 'वय झालं, आता असंच असायचं' या वाक्याखाली तो झाकला जातो. भूक कमी होणे, झोप उडणे, कशातच लक्ष न लागणे ही लक्षणे घरच्यांना म्हातारपणाचीच वाटतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये सामाजिक संबंधांवरील अहवाल प्रसिद्ध केला. जगात दर सहापैकी एक जण एकाकीपणाने ग्रासलेला आहे आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंचा संबंध एकाकीपणाशी आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. 'लॅन्सेट'च्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेहाबरोबरच सामाजिक एकटेपणा, नैराश्य, कमी ऐकू येणे आणि उपचार न झालेला दृष्टिदोष यांचाही समावेश आहे. या कारणांवर वेळीच काम झाले, तर जवळपास ४५ टक्के रुग्णांमध्ये स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकेल, असे आयोगाचे म्हणणे आहे.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी पंच्याऐंशी आणि त्यापुढील वयाच्या २५६ जणांचा काही वर्षे मागोवा घेतला. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मध्यमवयात आणि उतारवयातही शिवणकाम, सुतारकाम, मातीकाम अशा हस्तकला करणाऱ्यांमध्ये स्मरण आणि विचारशक्तीच्या सौम्य घटीचा धोका ४५ टक्क्यांनी कमी दिसला. लोकांत मिसळणाऱ्यांमध्ये तो ५५ टक्क्यांनी कमी होता. या आकड्यांवरून कागद कापला की विसरभोळेपणा टळतो, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. ज्यांची बुद्धी आधीपासून तल्लख आहे तेच हस्तकलेकडे अधिक वळत असतील, ही शक्यता अशा निरीक्षणात्मक अभ्यासात कायम राहते.

जर्मनीत २०१४ मध्ये झालेला प्रयोग लहान, पण बोलका आहे. निवृत्त झालेल्या २८ जणांचे दोन गट करण्यात आले. एका गटाने दहा आठवडे स्वतः चित्रे काढली. दुसऱ्याने संग्रहालयात चित्रे पाहून त्यांवर चर्चा केली. चित्रे काढणाऱ्यांच्या मेंदूतील काही भागांचा परस्परसंपर्क वाढल्याचे एमआरआय तपासणीत दिसले, तर मानसिक ताण पेलण्याची क्षमताही सुधारली. दुसऱ्या गटात तसा बदल आढळला नाही. गटात येणे दोघांनाही समान होते, फरक होता तो स्वतः करण्याचा. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर सावधपणे एवढे म्हणता येते, की सोबत हवी आणि हाताला कामही हवे. दूरचित्रवाणीसमोर एकत्र बसवणे पुरेसे नाही, आणि घरी एकट्याने फुले कापत बसणेही पुरेसे नाही.

हातांची आठवण

कोणते काम द्यायचे, यालाही शास्त्र आहे. अल्झायमरमध्ये ताज्या घटनांची नोंद ठेवणारा मेंदूचा भाग लवकर बिघडतो. सवयीच्या हालचालींची स्मृती तुलनेने उशिरापर्यंत टिकते. सकाळी काय खाल्ले हे न आठवणाऱ्या आजीची बोटे फुलवात बरोबर वळतात, ती यामुळेच. पतंगी कागद तिरका दुमडून कापणे, कणकेची खळ शिजवणे, सुतळीला पताका चिकटवणे ही कामे या भागातल्या अनेक ज्येष्ठांनी यात्रांच्या आणि लग्नांच्या मंडपासाठी तरुणपणी केलेली असतात. परदेशी नमुन्यातले ट्युलिप किंवा बालवाडीतल्यासारखी रंगवायची फुलपाखरे त्यांच्यापुढे ठेवली, तर मन रमत नाही आणि पोरखेळ केल्याचा अपमानही वाटतो. पळस, आंब्याचा मोहोर, चैत्रगौरीची आरास, साखरगाठी या विषयांवर मात्र गप्पा आपोआप सुरू होतात. केलेली वस्तू शाळेत, दवाखान्यात किंवा ग्रामपंचायतीत लावली गेली, तर त्या श्रमाला अर्थही येतो.

काही पथ्ये पाळायला हवीत. संधिवात असलेल्यांना आपोआप उघडणारी स्प्रिंगची कात्री सोपी जाते; बोटे फारच आखडत असतील तर कागद हाताने फाडूनही सुंदर पाकळ्या होतात. मधुमेहामुळे हाताला बधिरपणा असलेल्यांना कापलेले कळत नाही, म्हणून त्यांना ब्लेड देऊ नये. गुडघेदुखी असलेल्यांना सतरंजीवर न बसवता टेबल-खुर्ची द्यावी. उजेड भरपूर आणि कागदांच्या रंगांत ठळक फरक असावा. चैत्रातले ऊन पाहता वेळ सकाळची हवी. सर्वांत मोठा धोका वेगळाच असतो, तो म्हणजे तयार तोरण लावण्यासाठी स्टुलावर चढण्याचा. या वयात पडून खुब्याचे हाड मोडले, तर अनेकांचे हिंडणे-फिरणे कायमचे थांबते. भिंतीवर चढवण्याचे काम तरुणांनीच करावे.

खरी गरज कशाची?

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. वार्षिक दोन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या, ६५ वर्षांपुढील ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कंबरपट्टा अशा साधनांसाठी तिच्यातून एकदाच ३ हजार रुपये मिळतात. मनःस्वास्थ्याचा उल्लेखही योजनेत आहे. चष्मा आणि श्रवणयंत्र यांचे महत्त्व वरच्या यादीत दिसतेच; ऐकू येत नसलेला माणूस गटात बसूनही एकटाच राहतो. परंतु मन सांभाळणे हे एकदा पैसे देऊन संपणारे काम नाही. त्याला दर आठवड्याला उघडणारी खोली आणि वाट पाहणारी माणसे लागतात. कागदाचा खर्च त्यात नगण्य आहे.

अशा बैठकीचा आणखी एक लाभ सहसा लक्षात घेतला जात नाही. दहापैकी नऊ जणांचे नैराश्य जिथे नोंदीतच येत नाही, तिथे दर आठवड्याची गाठभेट ही तपासणीची पहिली पायरी ठरू शकते. नेहमी येणाऱ्या काकू तीन आठवडे आल्या नाहीत, मागच्या महिन्यापर्यंत सहज घडी घालणाऱ्या आजोबांचा क्रम चुकू लागला, कोणी सुई ओवताना कागद डोळ्यांपाशी नेऊ लागले, हे शेजारी बसलेल्याला आधी कळते. एका बाजूचा हात अचानक लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा वेळ न दवडता १०८ ला फोन करायचा असतो. गावातील आयुष्मान आरोग्य मंदिराचे समुदाय आरोग्य अधिकारी किंवा आशाताई महिन्यातून एकदा अशा बैठकीला आल्या, तर रक्तदाब, साखर, नजर आणि मन या चारही गोष्टींची विचारपूस एकाच जागी होईल. मनाच्या तक्रारींसाठी 'टेलिमानस'चा १४४१६ आणि ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हे क्रमांक त्याच भिंतीवर लावता येतील.

पाडव्यापुरता घेतलेला कार्यक्रम छायाचित्रापुरता उरतो. पळसाची फुले उतरवल्यावर त्याच भिंतीवर आषाढात वारीच्या पताका आणि दिवाळीत आकाशकंदील लागणार असतील, आणि ते करायला तीच माणसे जमणार असतील, तर त्या कागदाला औषधाचे मोल येईल. उपक्रमाचे यश मोजताना भिंतीवर किती फुले लागली यापेक्षा पुढच्या आठवड्यात किती जण परत आले, हे आधी पाहायला हवे.