गुडघ्याचा पट्टा आणि कळसूबाईची उतरण

पाऊस ओसरू लागला की भंडारदऱ्याच्या वाटा पुन्हा गजबजतात. प्रवरेवरचे विल्सन धरण भरलेले असते, रंधा धबधबा जोरात असतो आणि अनेक कुटुंबांचा बेत थेट कळसूबाईपर्यंत जाऊन पोहोचतो. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे. पायथ्याच्या बारी गावातून निघालेली वाट शेते, कातळ आणि लोखंडी शिड्या ओलांडत माथ्यावरील देवीच्या मंदिरापाशी संपते. अशा बेतात घरातील एखादी व्यक्ती हमखास अशी असते, जिच्या गुडघ्याचे लिगामेंट वर्ष-सहा महिन्यांपूर्वी दुखावलेले असते. मग प्रश्न निघतो : “पट्टा बांधून गेले तर चालेल ना?”

प्रश्न साधा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर ती व्यक्ती स्वतःच्या पायांनी खाली येणार की चौघांच्या खांद्यावरून, हे अवलंबून असते. मधल्या शिडीवर गुडघा सटकला, तर तिथे गाडी पोहोचत नाही आणि उपचारासाठी अकोले, संगमनेर किंवा नाशिक गाठावे लागते. म्हणून पट्ट्याची निवड दुकानाच्या काउंटरवर नव्हे, तर दुखापतीच्या कागदपत्रांवरून करावयाची असते.

गुडघ्याला चार प्रमुख लिगामेंट सांभाळतात. आतल्या आणि बाहेरच्या बाजूचे दोन, गुडघा आडवा कलू देत नाहीत. सांध्याच्या आत एकमेकांना छेदून जाणारे दोन, नडगीचे हाड पुढे-मागे सरकू देत नाहीत. त्यांपैकी पुढचे, म्हणजे ‘एसीएल’, पाय रोवलेला असताना शरीर वळले की गुडघ्याला स्थिर ठेवते. आतल्या बाजूचे लिगामेंट बहुतेक वेळा शस्त्रक्रियेविना भरून येते. एसीएल पूर्ण तुटले, तर सहसा तसे होत नाही. म्हणूनच ‘लिगामेंटला मार आहे’ एवढी माहिती पट्टा घेण्यास पुरेशी नाही. कोणते लिगामेंट, किती तुटले, सोबत गादी फाटली आहे काय, हे एमआरआयच्या अहवालातून आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडून समजून घ्यावे.

बाजारातील पट्ट्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, नी-कॅप. हा ताणला जाणारा कापडी किंवा निओप्रिनचा मोजा ऊब देतो, हलका दाब देतो आणि ‘गुडघा जपून वापर’ ही जाणीव जागी ठेवतो. तुटलेल्या लिगामेंटचे काम मात्र तो करीत नाही. दुसरा, दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला पट्टा. तो गुडघ्याला आडवे कलण्यापासून आवरतो, म्हणून बाजूच्या लिगामेंटच्या दुखापतीत उपयोगी पडतो. तिसरा, धातूच्या वा कार्बनच्या ताठ चौकटीचा ब्रेस. तो मांडी आणि पोटरी यांना धरून नडगीचे सरकणे व पिळणे काही अंशी रोखतो. एसीएलच्या दुखापतीत तज्ज्ञ सुचवतात तो हाच. शस्त्रक्रियेनंतर लगेच दिला जाणारा लांब, कुलूप लावता येणारा ब्रेस निराळा. तो डोंगरासाठी नसतो.

या ताठ ब्रेसविषयीचा सर्वाधिक अनुभव बर्फावरून आला आहे. गुलमर्ग किंवा औलीला स्कीइंग करताना पायातील ताठ बूट घोट्याला वाचवतो आणि लांब स्कीचा पीळ सरळ गुडघ्यात जातो. एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या, अमेरिकेतील स्की-केंद्राच्या कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ब्रेस न वापरणाऱ्यांना गुडघ्याची पुन्हा दुखापत होण्याचा धोका वापरणाऱ्यांच्या पावणेतीन पट आढळला. स्कीइंगच्या बाबतीत ब्रेसच्या बाजूने हा मोठा पुरावा आहे. मात्र एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर सरसकट प्रत्येकाने ब्रेस वापरल्याने फायदा होतो, असे इतर चाचण्यांत दिसलेले नाही. शिवाय भार कमी असताना ब्रेस जेवढे सांभाळतो, तेवढे तो जोराच्या झटक्यात सांभाळत नाही.

बँकेच्या व्यवहारात तारण कितीही भक्कम असले, तरी कर्ज देण्यापूर्वी परतफेडीची कुवत पाहिली जाते. ब्रेस हे तारण आहे. कुवत मांडीच्या स्नायूंत असते. दुखापतीनंतर हे स्नायू झपाट्याने बारीक होतात, आणि उतरताना शरीराचा भार पायरी-पायरीला तेच पेलतात. म्हणून चढताना सुखरूप वाटलेला गुडघा उतरताना दगा देतो. शस्त्रक्रिया झालेल्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के व्हावी आणि शस्त्रक्रियेला किमान नऊ महिने उलटलेले असावेत, हा निकष धावण्या-वळण्याच्या खेळांत परतणाऱ्यांसाठी वापरतात. शिड्या आणि ओला कातळ असलेल्या वाटेसाठीही तो समोर ठेवणे शहाणपणाचे. घरच्या जिन्यावर दुखऱ्या पायावर उभे राहून दुसरा पाय सावकाश खालच्या पायरीला टेकवताना गुडघा आत कलत असेल वा थरथरत असेल, तर पट्ट्याची नव्हे, व्यायामाची गरज आहे.

कुवत जमली आणि तज्ज्ञांनी पट्टा सुचवला, तर मापाकडे लक्ष द्यावे. मांडीचा आणि पोटरीचा घेर वाटीपासून किती अंतरावर मोजायचा, हे त्या त्या उत्पादकाच्या तक्त्यात दिलेले असते. अंदाजाने ‘मीडियम’ घेऊ नये. बिजागरी सांध्याच्या रेषेत बसली पाहिजे. पट्टा घसरून खाली आला की ती चुकीच्या जागी वाकते आणि आधाराऐवजी अडथळा होते. पाय बधिर होणे, मुंग्या येणे, पोटरी सुजणे ही पट्टा फार घट्ट असल्याची चिन्हे. भंडारदऱ्याच्या दमट हवेत निओप्रिनखाली घाम साचून त्वचा सोलवटते. म्हणून डोंगरावर नेण्याआधी आठ-पंधरा दिवस तो लावून जिने आणि टेकडी चढून-उतरून पाहावी.

पट्ट्याइतकीच मोलाची वस्तू म्हणजे काठी. उतारावर दोन काठ्या नीट टेकून चालल्यास गुडघ्यावरील भार बारा ते पंचवीस टक्क्यांपर्यंत घटतो, असे मोजमापांत दिसले आहे. लहान पावले, पाठीवर हलके ओझे आणि हाताशी उजेड उरेल अशा वेळी परत फिरणे, यांना तर खर्चही नाही. शत्रुंजयाच्या पायऱ्या किंवा शिखरजीची वंदना मनात असलेल्यांनाही हाच हिशेब लागू पडतो.

चालताना गुडघा अजूनही सटकत असेल, सूज येत असेल किंवा तो अडकत असेल, तर कोणताही पट्टा बांधून कळसूबाई चढू नये. त्या वर्षी कुटुंबासह भंडारदऱ्याला जावे, जलाशयाच्या काठाने सपाट रस्त्यावर फिरावे, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर पाहावे. शिखर पुढच्या वर्षीही तिथेच असेल; तोवर गुडघा त्यासाठी तयार करणे हेच खरे काम.