नीटचे दुसरे वर्ष कोणाला परवडते?

नागपूरच्या रामबाग वस्तीतून मेडिकलला पायी जाता येते. पण तिथे डॉक्टर होण्यासाठी जायचे तर वाट नीटमधून जाते आणि ती वाट दरवर्षी लांबत चालली आहे. निकाल लागला की रामबागेपासून इंदोऱ्यापर्यंत घरोघरी एकच प्रश्न असतो: अजून एक वर्ष द्यायचे का? प्रश्न अभ्यासाचा वाटतो. खरे तर तो पैशाचा आहे.

720 गुणांच्या या परीक्षेत अनुसूचित जातींसाठी पात्रता 40 पर्सेंटाइलची आहे. पण पात्र होणे वेगळे आणि मेडिकल किंवा मेयोत जागा मिळणे वेगळे. तमिळनाडूतील न्या. ए. के. राजन समितीने 2021 मध्ये हे आकड्यांत मांडले. नीट लागू होण्यापूर्वी, 2016-17 मध्ये, तिथे एमबीबीएसला प्रवेश मिळवणाऱ्यांत पुन्हा प्रयत्न करणारे सुमारे 12 टक्के होते. 2020-21 मध्ये ते 71 टक्क्यांवर गेले. म्हणजे दुसरे वर्ष ही आता या परीक्षेची न सांगितलेली फी झाली आहे.

आरक्षण जागा राखते, हे वर्ष राखत नाही. स्वाधार योजनेतून नागपुरात भोजन-निवासासाठी वर्षाला 60,000 रुपये मिळतात, पण महाविद्यालयात नाव असेल तरच. बारावीनंतर फक्त नीटची तयारी करणारा मुलगा त्यात बसत नाही. मुलीला तर घरातूनच सांगितले जाते, ‘बीएस्सी कर, पुरे झाले.’

म्हणून सामाजिक न्याय विभागाकडे आमची मागणी स्पष्ट आहे: पुन्हा परीक्षा देणाऱ्यांनाही निर्वाह भत्ता द्या.

पण मागणी मान्य होईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचे का? आपल्या विहारांतल्या अभ्यासिका एमपीएससी आणि पोलीस भरतीच्या मुलांनी भरलेल्या असतात. तिथेच नीटसाठी एक कोपरा हवा. दर रविवारी पूर्ण सराव परीक्षा घ्यावी. चुकीच्या उत्तराला एक गुण जातो. कोणता प्रश्न सोडायचा हे सरावानेच कळते. मेडिकल-मेयोत शिकणाऱ्या आपल्या भावाबहिणींनी आठवड्याला दोन तास द्यावेत. आणि जात वैधतेचा अर्ज अकरावीतच भरून घ्यावा. गुण मिळूनही कागदापायी जागा जाऊ नये.

एका घराला न परवडणारे वर्ष वस्तीने मिळून उचलले, तर परवडते.

जय भीम!