सर्टिफिकेट कागदावर, क्रेन डोक्यावर!

१ ऑगस्ट हा साहित्यरत्न अण्णाभाऊ साठे यांचा जन्मदिवस. २०२० साली त्याच दिवशी अण्णाभाऊंच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण होत असताना विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये एक अजस्र क्रेन कोसळली आणि ११ जण चिरडून मेले. वापरात आणण्याआधी त्या क्रेनची भारचाचणी सुरू होती. तीन वर्षांनी, ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर १ ऑगस्ट उजाडण्यापूर्वीच, ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढवणारे अवाढव्य यंत्र गर्डरसकट खाली आले. २० कामगार ठार झाले. त्यानंतर दीड महिनाही झाला नव्हता, तोच १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यात बाळकुम येथे चाळीस मजली इमारतीची बांधकामाची लिफ्ट कोसळून सात कामगारांचा बळी गेला.

तिन्ही ठिकाणी दुसऱ्या दिवशी तेच झाले. मंत्री आले, मदतीचे आकडे जाहीर झाले, चौकशीचे आदेश निघाले आणि ‘दुर्दैवी घटना’ हे दोन शब्द सगळीकडे छापून आले. आमचा आक्षेप या ‘दुर्दैवी’ शब्दाला आहे. नशीब, प्रारब्ध, मागच्या जन्मीचे पाप ही भाषा आम्ही १९५६ साली नागपुरात टाकून दिली. लोखंडाला नशीब नसते. लोखंडाला जाडी असते, झीज असते, ताण असतो आणि तो मोजता येतो. जे मोजता येत होते ते मोजले नाही, म्हणून माणसे मेली असतील, तर त्याला दैव म्हणणे ही लबाडी आहे!

हे आम्ही मावळच्या वाचकांना मुद्दाम सांगत आहोत. भाताच्या खाचरांसाठी ओळखला जाणारा हा तालुका आज कारखान्यांचा तालुका झाला आहे. तळेगाव, नवलाख उंब्रे, उर्से या पट्ट्यात शेडच्या छताखाली ओव्हरहेड क्रेन फिरतात. रस्त्याने हायड्रा क्रेन पुढे लोंबणारा माल घेऊन चालतात. लोणावळ्याजवळ कुसगाव ते खोपोली हा सुमारे १३ किलोमीटरचा ‘मिसिंग लिंक’ प्रकल्प उभारताना सह्याद्रीच्या दरीत शंभर मीटरहून अधिक उंचीवर माणसांनी क्रेनच्या भरवशावर काम केले. याच बोरघाटात १८५६ ते १८६३ या काळात रेल्वेमार्ग बांधताना हजारो मजूर पटकीने, तापाने आणि दरडीखाली मेले. त्यांची नावे कोणी नोंदवली नाहीत. दीडशे वर्षांत घाटात यंत्रे आली. यंत्राखाली उभा राहणारा माणूस मात्र त्याच थरातून येतो.

क्रेनची तपासणी म्हणजे काय, हे आमच्या प्रत्येक कामगाराला माहीत असले पाहिजे. प्रत्येक क्रेनवर ती सुरक्षितपणे किती भार उचलू शकते, हे लिहिलेले असावे लागते. चाचणीत त्या भाराहून अधिक वजन मुद्दाम उचलून पाहतात. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांनी त्याचे माप ठरवून दिले. २० टनांपर्यंतच्या क्रेनला २५ टक्के जास्त, २० ते ५० टनांपर्यंत ५ टन जास्त आणि त्यापुढे १० टक्के जास्त भार. म्हणजे १० टनांची क्रेन साडेबारा टनांवर तपासायची. वजन जमिनीपासून थोडेसेच उचलायचे, काही वेळ तसेच धरून ठेवायचे, ब्रेक सरकतो का ते पाहायचे, गर्डर किती वाकतो आणि भार काढल्यावर पुन्हा सरळ होतो का ते मोजायचे. या वेळी आसपास एकही माणूस असता कामा नये. विशाखापट्टणमची घटना हेच शिकवते. चाचणी ही क्रेनवरच्या संशयाची वेळ असते आणि संशय असलेल्या वस्तूजवळ माणसे उभी करायची नसतात.

पण भारचाचणी म्हणजे सगळी तपासणी नव्हे. हुकाचे तोंड मूळ मापापेक्षा रुंद झाले आहे का, वायररोपच्या किती तारा तुटल्या, हुकाची कडी आपोआप बंद होते का, ठरलेल्या उंचीवर हुक थांबवणारा स्विच चालतो का, जास्त भार आल्यावर इशारा मिळतो का, हे सगळे पाहावे लागते. फिरत्या क्रेनची ताकद तर दर फुटाला बदलते. पाण्याची घागर छातीशी धरली तर पेलते, तीच हात लांब करून धरली तर खांदा निखळतो. क्रेनचा हात जितका लांब, तितका भार कमी. पट्ट्यांचेही तसेच आहे. माल दोन पट्ट्यांनी उचलला म्हणजे प्रत्येकावर निम्मे वजन आले, हा समज घातक आहे. दोन पट्ट्यांमधला कोन १२० अंशांचा झाला की प्रत्येक पट्ट्यावर संपूर्ण वजनाइतका ताण येतो. क्रेन शाबूत असली तरी शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी वापरलेला फाटका पट्टा जीव घेतो.

कायदा नव्हता असे कोणी म्हणू नये. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २९ ने क्रेन, साखळ्या, दोर आणि उचलण्याची सर्व साधने सक्षम व्यक्तीकडून दर बारा महिन्यांनी कसून तपासण्याचे बंधन घातले. छताखालच्या क्रेनच्या मार्गावर माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्यापासून सहा मीटरच्या आत येऊ नये, असेही त्यात होते. बांधकामाच्या नियमांनी पहिल्या वापराआधी आणि त्यानंतर किमान पाच वर्षांनी एकदा भारचाचणी सांगितली. अक्षरे पुरेशी होती. प्रश्न अक्षरे राबवण्याचा होता आणि आहे.

क्रेन एका मालकाची, भाड्याने घेणारा दुसरा, चालक तिसऱ्याने पाठवलेला, पट्टे लावणारे चौथ्या ठेकेदाराचे आणि काम पाचव्या कंपनीचे. या साखळीत प्रत्येक कडी पुढच्या कडीकडे बोट दाखवते. सर्टिफिकेट मात्र फाइलमध्ये असते. ते क्रेन न बघताच दिले गेले, की खरोखर वजन लावून दिले गेले, हे हुकाखाली उभ्या असलेल्या माणसाला कोण सांगणार? आणि तपासणाऱ्याची फी तपासून घेणारा मालकच देणार असेल, तर ‘ही क्रेन नापास’ असे लिहायला त्याचा हात किती वेळा उचलेल, हा आमचा सवाल आहे!

नुसता कागद किंवा नुसती पाटी माणूस वाचवत नाही, याचा धडा मावळने स्वतः घेतला आहे. १५ जून २०२५ च्या रविवारी कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. चार जणांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथे होती. भार किती सोसेल हे माहीत होते, पण तो भार अडवणारा कोणी नव्हता. पाटी लावली की जबाबदारी संपली, ही जी सरकारी सवय पुलावर दिसली, तीच क्रेनवर लिहिलेल्या टनांच्या आकड्याचीही गत करते.

हुकाखाली कोण असतो? मराठवाड्यातून, विदर्भातून आलेला भूमिहीन. मावळातला कातकरी, ठाकर. बिहार, उत्तर प्रदेश, बंगालचा स्थलांतरित. वस्तीतला ठेक्यावरचा तरुण. संगणकावर क्रेनचा आराखडा काढणारा एका थरातला, पट्टा लावायला मालावर चढणारा दुसऱ्या थरातला. धोक्याचीही इथे वर्णव्यवस्था आहे. अपघात झाला की ‘चालकाची चूक’ म्हणून आधी क्रेनचालकाकडे बोट दाखवले जाते. तोही कामगारच. नापास क्रेन चालवायला नकार दिला तर उद्याचा रोज बुडतो, हे त्याला ठाऊक असते. म्हणून दोष शोधायचा असेल तर तो नकार देण्याची ज्याची ऐपत होती, त्याच्याकडे शोधला पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरून कामगार कुठल्या अंधारात राबतो ते पाहून आले. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनीच १९४६ मध्ये मांडले. त्यांचे एक निवासस्थान याच मावळात, तळेगाव दाभाडे येथे होते. त्या वास्तूला आपण वंदन करतो, ते योग्यच आहे. पण त्या वास्तूपासून काही मैलांवर आपलाच भाऊ न तपासलेल्या साखळीखाली उभा असेल, तर मजूरमंत्री बाबासाहेब आपल्यापर्यंत अजून पोचायचे आहेत.

आता कायदाही बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीची संहिता लागू झाली आणि कारखाना कायद्यासह तेरा कायदे तिच्यात गेले. वीज वापरणारा कारखाना म्हणजे पूर्वी १० कामगार, आता २०. ठेका कामगारांसाठीची मर्यादा २० वरून ५० झाली. निरीक्षक आता ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ झाला. म्हणजे लहान शेडमधली क्रेन आणि लहान ठेकेदाराचा मजूर जाळ्याच्या छिद्रातून निसटणार. मात्र याच संहितेत सुरक्षेची माहिती मागण्याचा आणि जिवाला धोका दिसला तर तो मालकाच्या व निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा हक्क कामगाराला आहे. कर्तव्यभंगामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही, आणि त्या दंडातला निम्मा तरी वाटा पीडिताच्या घरी देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. हे शस्त्र म्यानात गंजू देऊ नका.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक क्रेनचे चाचणीपत्र, तारीख आणि भारासह, मराठीत आणि हिंदीत कामाच्या फाटकावर लावा. तपासणाराची निवड आणि त्याची फी मालकाच्या हातातून काढून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयामार्फत करा. भाड्याच्या क्रेनची जबाबदारी मुख्य मालकावर टाका. नापास यंत्र चालवायला नकार देणाऱ्या कामगाराचा रोज कापू नका. आणि चौकशी अहवाल मृताच्या घरी पाठवा.

आमच्या कार्यकर्त्यांनीही जयंतीच्या वर्गणीबरोबर एक काम अंगावर घ्यावे. आपल्या वस्तीतला कोण कुठल्या क्रेनखाली काम करतो, याची यादी करा. त्या क्रेनची शेवटची तपासणी कधी झाली, हे संचालनालयाकडे माहिती अधिकारात विचारा. उत्तर आले नाही तर अपील करा. हे पाच मिनिटांच्या भाषणाइतके टाळ्यांचे काम नाही, पण याने एखादे घर उघडे पडायचे वाचेल.

लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. दाराचे काम केल्याची नोंद करताना त्यात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरले आहे. बुद्धाच्या संघाने कारागिराचे नाव दगडावर राहू दिले. आजच्या मावळात कामगाराचे नाव पंचनाम्यात येण्यापूर्वी त्याच्या डोक्यावरच्या क्रेनची तारीख फाटकावर आली पाहिजे. ती नसेल, तर हुकाखाली जाऊ नका. आधी विचारा, शेवटची तपासणी कधी झाली?