प्रशिक्षण शिक्षकांना मिळालं, वर्गापर्यंत कधी पोहोचणार?

घाटकोपरमधल्या कुठल्याही शाळेत सध्या शिक्षकांशी बोलायला गेलं की विषय टीईटीवर येतोच. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यानुसार पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागेल, नाहीतर नोकरी सोडावी लागेल. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न तेवढा मोठ्या खंडपीठाकडे गेला. शिक्षक संघटनांनी विरोध केला. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही दोन तट पडले. एक म्हणतो, परीक्षा द्यायला घाबरायचं कशाला? दुसरा म्हणतो, वीस वर्षं नोकरी झाल्यावर आता पात्रता विचारता?

या भांडणात एक गोष्ट कुणी विचारत नाही. परीक्षा झाली, प्रशिक्षण झालं, तर मागच्या बाकावरच्या मुलाला काय मिळालं?

टीईटीत बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचा ३० गुणांचा भाग असतो. एकाच वर्गात वेगवेगळ्या पातळीची मुलं असतील तर शिक्षकाने काय करावं, अशा धर्तीचे प्रश्न त्यात येतात. आमच्या ओळखीच्या एक बाई रात्री स्वयंपाक उरकून गाइड घेऊन बसतात. त्या हसत म्हणाल्या, "पर्याय क्रमांक तीन बरोबर आहे, हे मला माहीत आहे हो. पण माझ्या वर्गात पर्याय तीन करायचा कधी?"

बाई पाचवीला शिकवतात. त्यांच्या वर्गातली काही मुलं संध्याकाळी आमच्या अभ्यासिकेत येतात. अभ्यासिका विहाराच्या हॉलमध्ये चालते, पंखे दोन, सतरंज्या चार. एक मुलगा जोडाक्षर आलं की अडतो, पण रविवारी वडिलांच्या वडापावच्या गाडीवर बसून पाचशेच्या नोटेचे सुटे तोंडी हिशेबाने देतो. एक मुलगी वर्षाच्या मध्येच जालन्याहून आली. तिची बोली ऐकून बाकीची मुलं हसतात, म्हणून तिने वर्गात बोलणंच सोडलं आहे. सेमी इंग्रजीचा एक मुलगा विज्ञानाचं पान इंग्रजीत घडाघडा वाचतो, अर्थ विचारला की खाली बघतो. आणखी एक मुलगी नेहमी मान एका बाजूला कलती करून बसायची. आम्हाला आधी ती सवय वाटली. तिला एका कानाने जवळजवळ ऐकूच येत नाही, हे कळायला सहा महिने लागले.

यात आता पुनर्विकासाची भर पडली आहे. माता रमाबाई आंबेडकर नगर आणि कामराज नगरच्या पुनर्विकासाचं काम एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून करत आहेत. घरं रिकामी केलेल्यांपैकी कुणी कन्नमवार नगरला भाड्याने गेलं, कुणी गोवंडीला, कुणी पार कल्याणपलीकडे. काही पालकांनी शाळा बदलली. काहींनी नाही बदलली, मग मूल सकाळची लोकल पकडून येतं आणि दुसऱ्या तासाला पेंगतं. रमाबाई नगरचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते ११ जुलै १९९७ च्या गोळीबारामुळे. आपले दहा जण तिथे गेले. त्याच वस्तीतलं पाचवीचं मूल धडा वाचू शकतं की नाही, याची बातमी मात्र कधी होत नाही.

बाबासाहेबांनी हे मोजलं होतं. मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी हिशेब मांडला की प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. त्याच भाषणात त्यांनी असंही सांगितलं की जे समाज खालच्या पातळीवर आहेत त्यांना बरोबरीला आणायचं असेल तर सगळ्यांना सारखी वागणूक देऊन भागणार नाही, त्यांना झुकतं माप द्यावं लागेल. हा विचार आपण आरक्षणाच्या चर्चेत हमखास मांडतो. वर्गातल्या फळ्यापर्यंत तो फारसा नेला नाही. चाळीस मुलांना एकच धडा, एकाच वेगाने, एकाच भाषेत शिकवणं ही दिसायला समान वागणूक आहे. तिचा फायदा घरी अभ्यास घेणारं कुणी असलेल्या मुलालाच होतो.

कागदावर हे सरकारलाही मान्य आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ सांगतं की शिक्षकाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासावी आणि गरजेप्रमाणे जादा शिकवावं. २०१९ मध्ये केंद्राने देशभरातल्या सुमारे ४२ लाख शिक्षकांसाठी 'निष्ठा' प्रशिक्षण आणलं. कोरोनाच्या काळात ते 'दीक्षा' ॲपवर गेलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली. त्यातले काही घटक आम्ही स्वतः पाहिले, ते वाईट नाहीत. समावेशक वर्ग, भाषेचा प्रश्न, दिव्यांग मुलं, सगळं आहे त्यात. पण शिक्षक सांगतात ते असं : व्हिडिओ एकीकडे चालू, हातात तपासायच्या वह्या. शेवटची प्रश्नावली सोडवायची, प्रमाणपत्र डाउनलोड करायचं, त्याचा स्क्रीनशॉट शाळेच्या ग्रुपवर टाकायचा. प्रत्यक्ष प्रशिक्षण असेल तर हॉल, स्लाइड, गटकार्य, गटकार्याचा फोटो आणि गुगल फॉर्म. बाईंनी दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांवरचं सादरीकरण दोनदा पाहिलं आहे. कमी ऐकू येणारी मुलगी पुढच्या बाकावर बसवायची आणि फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, एवढं त्यांना कुणी वर्गात उभं राहून दाखवलं नव्हतं. ते दहा मिनिटांचं काम आहे.

यात दोष शिक्षकांचा किती, यावर आमच्यातच बराच वाद झाला. तो मिटवायला मुंबईचाच एक जुना अनुभव उपयोगी पडला. नव्वदच्या दशकात महापालिकेच्या शाळांमधून काम सुरू केलेल्या 'प्रथम' संस्थेने 'बालसखी' नावाचा उपक्रम चालवला. वस्तीतल्याच दहावी-बारावी झालेल्या मुली तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास बाजूला घेऊन अक्षरं, शब्द आणि साधी गणितं शिकवायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई व बडोद्यात याचा अभ्यास केला. मुलांची प्रगती झाल्याचं त्यात स्पष्ट दिसलं. पुढे २०१९ मध्ये या दोघांना मायकल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हे बहुतेकांना माहीत आहे. त्यानंतरच्या प्रयोगांबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही.

बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनाच या पद्धतीचं प्रशिक्षण आणि साहित्य देण्यात आलं. शाळेच्या नेहमीच्या वर्षात काहीही फरक पडला नाही. पण तिथल्याच सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरात, महिनाभर, स्वयंसेवकांच्या मदतीने शिकवलं तेव्हा मुलं पुढे गेली. म्हणजे शिक्षकाला येत होतं. शाळा सुरू झाली की अभ्यासक्रम पूर्ण करण्याचा धोशा लागतो आणि शिकलेलं बाजूला पडतं. हरियाणात २०१२-१३ मध्ये म्हणून वेगळं केलं. तिसरी ते पाचवीच्या मुलांना रोज एक तास इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे बसवलं. शाळांवर देखरेख ठेवणाऱ्यांना आधी पंधरा-वीस दिवस स्वतः मुलांना शिकवायला लावलं, मगच शिक्षकांना मार्गदर्शन करायला पाठवलं. भाषेत सुधारणा झाली. गणितात झाली नाही, हेही सांगितलं पाहिजे. तरी मुद्दा उरतोच. प्रशिक्षणासोबत वेळापत्रकात राखलेला तास हवा आणि तो तास बघायला, अडलं तर हात द्यायला, स्वतः शिकवून पाहिलेला माणूस हवा. या दोन गोष्टी नसतील तर ५० काय, १०० तासांचं प्रशिक्षणही प्रमाणपत्रातच राहील.

आमच्या अभ्यासिकेनेही हीच चूक केली, ते लपवून चालणार नाही. पहिली दोन वर्षं आम्ही सगळ्यांना एकत्र बसवून शिष्यवृत्तीचं पुस्तक शिकवलं. चार मुलं चमकली, आम्ही त्यांचे फोटो टाकले. निम्मी मुलं यायची बंद झाली, ती कधी बंद झाली हेसुद्धा आम्हाला आठवत नाही. मग प्रत्येक मुलाला पाच मिनिटं समोर बसवून अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट असं वाचायला देऊन पाहिलं आणि गट केले.

गट केल्यावर वस्तीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते भडकले. "आमच्या वेळी 'ड' तुकडी होती. तिच्यात कोण असायचं सांगू? आता तुम्हीच पोरांना परत वेगळं बसवता?"

हा आक्षेप हलका नाही. वेगळं बसवण्याचा आपला इतिहास शाळेच्या व्हरांड्यापासून सुरू होतो. पातळीप्रमाणे गट हे शब्द ऐकून ज्याच्या पोटात गोळा येत नाही, त्याला हा इतिहास माहीत नाही असंच आम्ही म्हणू. आम्ही त्यांना वही दाखवली. वडापावच्या गाडीवरचा मुलगा वाचनात दुसऱ्या गटात आहे, गणितात सगळ्यात वरच्या. जालन्याची मुलगी सात आठवड्यांत एक गट वर गेली. गट तासापुरता, विषयापुरता. बाकीचा वेळ सगळे एकत्र. 'ड' तुकडीतून बाहेर यायला दार नव्हतं. त्यांनी वही चाळली आणि एक अट घातली : तीन महिने कुणी खालच्याच गटात राहिलं तर प्रश्न मुलाला विचारायचा नाही, शिकवणाऱ्याला विचारायचा. ती अट आम्ही पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. जाताना त्यांनीच चुल्लपंथकाची आठवण काढली. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना म्हणून सख्ख्या भावाने त्याला निघून जायला सांगितलं होतं. तथागतांनी त्याला संघातच ठेवून हातात पांढरं कापड दिलं आणि त्याला जमेल असा धडा दिला.

दिव्यांग मुलांसाठी तर निकालही आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि माध्यमिक स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. आपल्या वस्तीतल्या शाळेत विशेष शिक्षक कोण, ते आठवड्यातून किती वेळा येतात, हे पालकांना विचारून पाहा. आम्ही विचारलं. बहुतेकांना असा कुणी असतो हेच माहीत नव्हतं.

हे विचारायची जागा आहे शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला, आणि वंचित गटांतल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व. आपल्या आया-बहिणींच्या सह्या त्या रजिस्टरमध्ये असतात, बैठक कधी झाली ते त्यांना आठवत नाही. जयंतीच्या वर्गणीसाठी घरोघर फिरणाऱ्या तरुणांनी या समितीच्या एका बैठकीला आईसोबत जाऊन बसावं. शिक्षकांवर ओरडायला जाऊ नका. प्रशिक्षणाला गेलेल्या शिक्षकाचा वर्ग त्या दिवशी कोण घेतं, पातळीप्रमाणे शिकवायला वेळापत्रकात तास आहे का, वर्गात येऊन शेवटचं मार्गदर्शन कुणी आणि कधी केलं, हे विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. असं बोलणारे पालक शिक्षकांनाही हवे असतात, हा आमचा अनुभव आहे.

बाईंनी आणि चौथीच्या वर्गशिक्षिकेने मुख्याध्यापकांशी बोलून आठवड्यातून तीन दिवस शेवटची तासिका यासाठी ठेवली. दोन्ही वर्गांची मुलं मिसळून गट केले. आमच्या दोन मुली, दोघीही बारावीत, मदतीला जातात. दोन आठवडे बरं चाललं. तिसऱ्या आठवड्यात चौथीच्या बाईंना मतदार यादीच्या कामावर बोलावणं आलं. सध्या तीन दिवसांचा एक दिवस झाला आहे, आणि तो शुक्रवार आहे.