स्कूटर जाईल हो, पण कितीने?

गेल्या आठवड्यात मेसमध्ये रस्सा नेहमीसारखाच होता, म्हणजे त्यात बटाटा शोधावा लागत होता. मी तो शोधत असताना सेकंड इयरची चार पोरं ताटं घेऊन माझ्या टेबलावर येऊन बसली. "दादा, परीक्षा संपली की गोव्याला निघतोय. दोन स्कूटर, चौघं जण. जाईल ना?"

हा प्रश्न आपल्या हॉस्टेलमध्ये दर डिसेंबरात उगवतो. उत्तरंही ठरलेली असतात. एक पार्टी म्हणते, "लोक लडाखला घेऊन जातात, गोव्याचं काय घेऊन बसलास!" दुसरी पार्टी, म्हणजे ज्यांच्या बुडाखाली बुलेट आहे ती, म्हणते, "स्कूटर म्हणजे भाजी आणायची गाडी." मग कॅरम बोर्डावर रात्रभर वाद चालतो आणि सकाळी आठचं लेक्चर बुडतं.

मी त्या पोरांना म्हटलं, "लिहून देतो." ती हसली. पण मी खरंच लिहून देतोय, आणि का ते पुढे कळेलच.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री फक्त कन्क्लुजन वाचणाऱ्यांची सोय होईल. १२५ सीसीची स्कूटर लांबच्या प्रवासाला चालते. हायवेच्या वेगाला चालत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण ते एकाच दमात विचारतो. सगळी गडबड तिथेच होते.

आधी स्कूटरच्या बाजूने बोलू. बसायला ऐसपैस, पाय ठेवायला सपाट जागा, डिकीत रेनकोट आणि आईने दिलेला चिवडा मावतो. गिअर नाहीत, त्यामुळे कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये डावा हात दुखत नाही. इंजिन गरम होईल म्हणावं तर थंड करायला त्याला स्वतःचा पंखा असतो. पाच लिटरची टाकी आणि लिटरला ४५ किलोमीटर धरले तर सव्वादोनशे किलोमीटर होतात, म्हणजे पुण्याहून भरून निघालात तर जवळजवळ कोल्हापूर. तेव्हा "स्कूटर दमते" वगैरे काही खरं नाही. दमतो तो माणूस.

शिवाय आपल्या प्रत्येकाच्या घरी एक चेतक-कथा असते. १९७२ साली बजाजने चेतक बाजारात आणली आणि त्यानंतरच्या पिढीने तिच्यावरून संसार वाहिला. माझे बाबाही सांगतात, "आई मागे, तू पुढे उभा, आणि आपण ज्योतिबाला गेलो होतो." खरं आहे. पण बाबा पन्नासच्या पुढे जात नव्हते. आणि मुख्य म्हणजे त्या काळच्या दुपदरी रस्त्यावर बाकीचेही फार पुढे जात नव्हते. नंतर सुवर्ण चतुष्कोन आला, पुणे-सातारा-कोल्हापूर चौपदरी झाला आणि शेजारून जाणाऱ्या गाड्या शंभरच्या घरात गेल्या. रस्ता बदलला, बाकीची वाहनं बदलली, पण बाबांची गोष्ट आपण जशीच्या तशी पुढे सांगतो.

आता थोडं गणित. घाबरू नका, इंटिग्रेशन नाही.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने. साठवरून ऐंशीला गेलात तर वेग वाढला एक तृतीयांश, पण हवा ढकलायची पॉवर झाली जवळजवळ २.४ पट. दोन माणसं बसलेल्या स्कूटरचा मी ढोबळ हिशोब मांडला. साठला हवा आणि टायरचं घर्षण मिळून सुमारे अडीच किलोवॅट लागतात. ऐंशीला पाच. १२५ सीसीचं इंजिन देतं साधारण सव्वासहा, त्यातले बेल्ट आणि क्लचमध्ये जाणारे वजा केले की चाकापर्यंत पोचतात पाचच्या आसपास.

म्हणजे साठला तुमच्या मुठीत निम्मी ताकद शिल्लक असते. ऐंशीला काहीच नसते. स्पीडोमीटरवर नव्वदचा आकडा असतो, कधीकधी काटा तिथे जातोही, पण ट्रकला ओलांडताना अर्ध्यात अडकलात आणि अजून दहाचा वेग हवा असला तर तो येणार कुठून? मूठ तर आधीच पूर्ण पिळलेली असते.

दुसरं गणित चाकाचं. माझ्या स्कूटरला पुढे १२ आणि मागे १० इंची रिम आहे. मागचं चाक टायर धरून सुमारे ४३ सेंटिमीटर व्यासाचं. १८ इंची रिमच्या मोटारसायकलचं चाक भरतं साधारण ६०. समोर ३० सेंटिमीटर रुंदीचा खड्डा आहे असं समजा. वर्तुळाची जीवा काढा, नववीचं गणित आहे. मोटारसायकलचं चाक त्यात ४ सेंटिमीटर उतरतं, स्कूटरचं पुढचं साडेपाच आणि मागचं ६. शिवाय पलीकडच्या काठाला छोटं चाक जास्त उभ्या कोनात धडकतं. त्यात स्कूटरचं इंजिन मागच्या चाकापाशी, वर मागे बसणारा आणि त्याची सॅक. पुढचं चाक बिचारं हलकं. तोच खड्डा चाळीसने अंग हलवतो आणि ऐंशीने हँडल हातातून काढून घेतो.

तिसरं गणित थांबण्याचं. कोरडा रस्ता, ब्रेक उत्तम आणि तुमचं डोकं एका सेकंदात चालतंय असं धरलं, तरी साठला थांबायला सुमारे ४० मीटर लागतात आणि ऐंशीला ६३.

ही तिन्ही गणितं मी प्रवासाच्या आधी केली नव्हती. नंतर केली.

२०२४ ची दिवाळी. सुट्टीच्या आदल्या दिवशी सबमिशन होतं, ते संपून सह्या मिळेपर्यंत साडेपाच वाजले. मी कराडचा, माझा रूम पार्टनर विट्याचा. पुणे-कराड सुमारे १६५ किलोमीटर. स्वारगेटला पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून मीच त्याला म्हटलं, "चल माझ्यामागे. कराडला सोडतो, तिथून नऊची एसटी मिळेल तुला." तो तयार नव्हता. मी त्याला तयार केला.

खंबाटकी चढताना गाडी चाळिसावर आली. मागचे ट्रक हॉर्न मारून मारून कान किटवत होते. घाट उतरल्यावर मी घड्याळ बघितलं आणि गेलेला वेळ भरून काढायला लागलो. सातारा मागे पडलं तेव्हा पूर्ण अंधार होता. पुढे रस्तारुंदीचं काम चालू होतं, जागोजागी वळणरस्ते. नागठाणे गेलं, अतीत यायचं होतं. काटा पंच्याऐंशीला. मागून तो म्हणाला, "अरे, एसटी चुकली तर चुकली." मी म्हटलं, "गप बस, पोचतोय."

रस्ता एकदम वळवलेला होता. डांबर संपून खडी सुरू होत होती आणि मध्ये एक काठ होता. माझा डिपर तेवढ्या लांब पोचत नव्हता. दिसलं तेव्हा ब्रेक दाबले, पुढचं चाक काठावर आपटलं आणि आम्ही दोघं बाजूच्या मुरमावर होतो. मागचा ट्रक थांबला. तो थांबला नसता तर हा लेख वेगळ्या कुणाला लिहावा लागला असता. ड्रायव्हरकाका उतरले, शिव्या दिल्या, पाणी दिलं आणि गाडी बाजूला लावायला मदतही केली.

मला खरचटलं. त्याच्या उजव्या खांद्याचं कॉलर बोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. सत्र परीक्षा रायटर घेऊन दिली. मशीन डिझाइनच्या पेपरात शाफ्टची आकृती दुसऱ्याला तोंडी सांगून काढून घ्यायची म्हणजे काय, ते त्यालाच विचारा. त्यात त्याचा विषय राहिला.

हॉस्पिटलमध्ये त्याची आई आली. मी तोंड लपवत होतो. काकूंनी माझ्या कोपराची पट्टी बघितली आणि म्हणाल्या, "तुलाही लागलंय की रे बाळा. चहा घेतलास का?" गाडी किती वेगात होती हे त्यांना आजही माहीत नाही. त्याने सांगितलं नाही आणि मलाही धीर झाला नाही. निदान आपल्या मॅगझिनमध्ये तरी लिहावं म्हणून हे लिहितोय.

आणि आता चौथं गणित, सगळ्यात सोपं. १६५ किलोमीटर साठने दोन तास पंचेचाळीस मिनिटं. ऐंशीने दोन तास चार मिनिटं. फरक एक्केचाळीस मिनिटांचा. तोही अख्ख्या रस्त्यात एकदाही वेग कमी झाला नाही तर!

आता कोणी म्हणेल, मोठी स्कूटर घ्या. दीडशेच्या पुढच्या काही स्कूटरना १४ इंची चाकं आहेत, एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, पॉवरही बरीच जास्त. फरक पडतो, नक्की पडतो. इटली, म्हणजे व्हेस्पाचं माहेर, तिथेसुद्धा मोटरवेवर १५० सीसीखालच्या दुचाकीला वर्षानुवर्षं बंदी होती. म्हणजे पॉवर हातात शिल्लक असावी हे त्यांनाही पटलेलं होतं. आपल्याकडे मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तर दुचाकीलाच प्रवेश नाही. पण मोठ्या स्कूटरने फक्त सीमा थोडी पुढे सरकते. साठचं सुख सत्तर-पंच्याहत्तरला मिळतं इतकंच. आणि २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत चौपदरी रस्त्यावर दुचाकीची कमाल मर्यादा ऐंशीच होती. शंभरची गाडी कशाला शोधायची?

सरांनाही एक विनंती. हॉस्टेलच्या रजेच्या फॉर्मवर "कुठे जाणार" आणि "केव्हा परतणार" असे रकाने आहेत. "कसे जाणार" हा रकाना नाही. तो घाला. आणि सुट्टीच्या आदल्या दिवशीचं सबमिशन दुपारी दोनपर्यंत उरकता आलं तर बघा. चूक माझीच होती, ती मी सबमिशनवर ढकलत नाही. पण साडेपाचला सुटलेलं पोर रात्रीच हायवेवर असतं, हेही तितकंच खरं.

तर सेकंड इयरच्या मित्रांनो, तुमचं उत्तर. गोवा साधारण साडेचारशे किलोमीटर. स्कूटर जाईल. साठने जाईल, डावीकडच्या लेनने जाईल, उजेडी जाईल. पहाटे निघा, दुपारपर्यंत कोल्हापूर गाठा, तांबडा-पांढरा खा, मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी पुढे. दोघांनाही हेल्मेट, मागच्यालासुद्धा. निघण्यापूर्वी टायरची हवा, ब्रेक आणि बेल्ट बघून घ्या. मागचा जर म्हणाला, "हळू घे," तर हळू घ्या. त्याला कारण विचारू नका.

आणि एका दिवसात, ऐंशीने, रात्रीचं जायचं असेल तर सरळ बसने जा. स्कूटर गोव्यात भाड्याने मिळते!

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)