शुद्धीनंतरचे सोवळे

इंदूर शहरात जुना पलासिया आणि नवा पलासिया अशा दोन शेजारी वस्त्या आहेत. मुंबई-आग्रा रस्त्यालगतचे हे एके काळचे खेडे शहराने केव्हाच पोटात घेतले. नव्या पलासियात राहणाऱ्या गृहस्थास त्या 'नव्या'ची लाज वाटण्याचे काही कारण नाही. वस्तीच्या नावातले 'नवे' दहा-वीस वर्षांत निरर्थक होऊन जाते. तेच विशेषण माणसास चिकटले म्हणजे काय होते, हे जाणून घेण्यासाठी मात्र आम्हां गोमंतकीयांस इंदुरास जावे लागत नाही. तिसवाडीत आणि फोंड्यात 'नवहिंदू गावडा' म्हणून ओळखला जाणारा समाज हे 'नव' जवळजवळ शंभर वर्षे वागवीत आला आहे. इंदूर आणि गोवा यांची गाठ येथे पडते ती १९२८ या सालामुळे.

पलासियाशेजारच्या तुकोगंजास ज्या नावावरून नाव मिळाले, ते नाव धारण करणारे तिसरे होळकर, तुकोजीराव, बावला खून प्रकरणानंतर १९२६ साली गादीवरून दूर झाले होते. १९२८ च्या मार्चमध्ये त्यांनी नॅन्सी अ‍ॅन मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी नाशिक येथे तिला विधिपूर्वक हिंदू करून घेतले, तिचे शर्मिष्ठादेवी असे नामकरण झाले आणि नर्मदाकाठी बडवाह येथे १७ मार्चला लग्न लागले. सनातन्यांनी कल्लोळ केला. होळकरांच्या धनगर समाजातही वाद झाले. पण कल्लोळ शमला आणि शर्मिष्ठादेवी होळकरांच्या झाल्या. त्यांच्या नावामागे 'नव' लावण्याचे धैर्य कोणास झाल्याचे ऐकिवात नाही. सातासमुद्रांपलीकडील मुलगी काही दिवसांत आपली झाली, ही गोष्ट आम्ही चांगलीच समजतो. कुर्तकोटींच्या निर्णयाला धैर्य लागले होते, यातही शंका नाही.

परंतु ज्या नाशिकात हे घडले, त्याच नाशिकात दोनच वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, डॉ. आंबेडकर आणि भाऊराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. पिढ्यान्‌पिढ्या रामाचे नाव घेणारी, कोठूनही न आलेली, ज्यांची शुद्धी करावी असे शास्त्रासही वाटू नये अशी ही माणसे देवळाच्या दाराशी वर्षानुवर्षे उभी राहिली आणि दार काही उघडले नाही. त्याआधी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी दलितांनी प्राशन केले, तेव्हा तळ्यालाच गोमय-गोमूत्राने शुद्ध करून घेण्यात आले होते! अमेरिकेतून आलेल्यास मंत्र पुरतो आणि गावकुसाबाहेरून आलेल्यामुळे पाणीच बाटते, हे सोवळ्याचे गणित एकदा नीट पाहिले पाहिजे. परकेपणा मैलांत मोजला जात नाही. ज्यास आत घेतल्याने घराण्याचा मान वाढतो तो परका राहत नाही. ज्यास आत घेतल्याने आपल्या मानात वाटेकरी निर्माण होतो, त्याच्यासाठी शास्त्रे उघडली जातात.

आता गोव्याकडे वळू. त्याच १९२८ साली मसूरच्या विनायक महाराज मसुरकरांनी गोव्यात शुद्धीची मोहीम चालवली. तिसवाडी, फोंडा, डिचोली, सत्तरी या भागांतील सात हजारांहून अधिक ख्रिस्ती गावडे हिंदू झाले. पोर्तुगीज सरकारने त्यांच्या नव्या नावांना कायदेशीर मान्यता देताना शक्य तितक्या अडचणी उभ्या केल्या. कष्टकरी, भूमिहीन माणसे, वरचे सरकार विरुद्ध, मागची चर्च रुष्ट. असे असता ही मंडळी आली. त्यांचे स्वागत करणाऱ्या हिंदू समाजाने त्यांना काय दिले? नावे दिली आणि एक उपपद दिले. ख्रिस्ती राहिलेल्या भाऊबंदांशी संबंध तुटले. मुळात हिंदू असलेल्या गावड्यांनी सोयरीक केली नाही. वरच्या जातींच्या पंगतीचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी या समाजाने आपली देवळे आपणच बांधली आणि मुलामुलींची लग्ने आपल्यातच केली. शासनाच्या दप्तरी २००३ साली गावडा, कुणबी आणि वेळीप यांची अनुसूचित जमाती म्हणून नोंद झाली. सरकारी कारकुनाने जी भिंत ओलांडली ती पंगतीत वाढणाऱ्याला अद्याप पुरती ओलांडता आलेली नाही.

येथे कोणी म्हणेल, गोमंतकातील हिंदूंनी जे भोगले त्यानंतर ते सावध राहिले तर त्यात नवल ते काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. १५६० साली येथे इन्क्विझिशन आले आणि १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ सोडता, ते टिकले. देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश रातोरात नदीपार प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. अशा समाजाने दार लावून घेतले, उंबऱ्यावर पाहारा ठेवला, कोणाच्या हातचे पाणी प्यावे हे ठरवून ठेवले. त्या काळी सोवळे ही तटबंदी होती. तिने पुष्कळ काही वाचवले, हेही मान्य केले पाहिजे.

पण याच इतिहासाची दुसरी बाजू आम्ही सोयीस्करपणे विसरतो. हे देव ज्या अंत्रूज महालात गेले तेथे ते परकेच होते. तेव्हा तेथे अंमल होता तो विजापूरच्या आदिलशाहीचा. परमुलखात, परधर्मीय राजवटीत, अनोळखी गावकऱ्यांच्या जमिनीवर आमच्या कुलदैवतांना आसरा मिळाला. त्या वेळी अंत्रूजच्या गावकऱ्यांनी या देवांचे सोवळे-ओवळे तपासले असते, तर आज फोंड्याच्या जत्रांना कोण गेले असते? स्वतः निर्वासित झालेल्या देवांच्या दारात 'तुम्ही मूळचे कोण?' हा प्रश्न विचारला जातो, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

तटबंदीचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, शत्रू गेल्यावरही पहारेकऱ्याची नोकरी चालू राहते. इन्क्विझिशन संपले, १९६१ साली पोर्तुगीज गेले. देवस्थानांच्या कारभाराचा पोर्तुगीजांचा १९३३ चा कायदा मात्र राहिला. त्यानुसार महाजन हा वंशाने ठरतो, पुरुषाकडून पुरुषाकडे. पोर्तुगीजांचे सारे टाकावे म्हणणारे आमचे बंधू हा एक कायदा तेवढा प्रेमाने जपतात. मध्यंतरी फोंडा तालुक्यातील काही देवस्थानांनी परदेशी पर्यटकांना मज्जाव केला. तोकड्या कपड्यांचे कारण पुढे करण्यात आले. कपड्यांचा नियम करावा, तो देशी-परदेशी सर्वांना लावावा. त्यास आमची हरकत नाही. अंगावर काय आहे हे पाहण्याऐवजी कातडीचा रंग पाहून दार लावले जाते, तेव्हा प्रश्न शिस्तीचा उरत नाही. इंदुरात पलासियाला लागूनच गीता भवन आहे. गीतेचे नाव घेणाऱ्या त्या वास्तूत इतर धर्मांच्या संतपुरुषांनाही जागा दिलेली आहे. त्यामुळे तेथील गीता बाटली असे कोणी म्हणत नाही.

२०२८ साली त्या शुद्धीला शंभर वर्षे पूर्ण होतील. तेव्हा समारंभ होतील, मसुरकर महाराजांच्या तसबिरीस हार पडतील आणि व्यासपीठावरून धर्माभिमानाची भाषणे होतील, असा आमचा अंदाज आहे. त्या व्यासपीठावर बसू इच्छिणाऱ्यांस आम्ही आजच विचारून ठेवतो: आपल्या देवस्थानच्या उत्सव समितीत नवहिंदू म्हणवला जाणारा एक तरी सभासद आहे काय? पालखीला त्याचा खांदा चालतो काय? महाप्रसादाच्या पंगतीत त्याच्या हाती वाढण्याचे भांडे कधी दिले गेले काय? यांतील पुष्कळ गोष्टींस कायदा बदलावा लागत नाही. समितीचा ठराव पुरे. महाजनकीच्या वंशपरंपरेस मात्र हात घालावा लागेल, आणि त्यासाठी विधानसभेत विधेयक आणावे लागेल. ते आणण्यास कोणता आमदार तयार आहे, हे आम्हांस त्यांच्या नावानिशी छापावयास आवडेल.